वहिनींच्या तीन गाठी

आदरणीय अध्यक्ष महोदय, त्यांच्या उजव्या हाताला बसलेले आपले जनावरांचे डॉक्टर, डाव्या हाताला अवघडून बसलेल्या आजच्या सत्कारमूर्ती, पहिल्या रांगेत टोपी मांडीवर घेऊन बसलेले शेजारच्या मैदानाचे राखणदार, घोडेस्वारी शिकवणारे गुरुजन, शिकणारी मुलंमुली, त्यांचे आईवडील, आणि खिडकीपलीकडून ज्यांचं फुरफुरणं मघापासून ऐकू येतं आहे ती आपली अकरा जनावरं, या सर्वांना माझा सविनय नमस्कार. जनावरांचा उल्लेख शेवटी केला, पण ती मनावर घेणार नाहीत. ती सध्या खाताहेत.

मी या संस्थेत खोगीर, लगाम, घोड्याच्या पोटाखालून आवळायचा तंग, असं सगळं चामड्याचं काम करतो. तबेल्याला लागून जी बुटकी खोली आहे, जिच्यात शिरताना अध्यक्षसाहेबांचं डोकं दरवर्षी एकदा आपटतं, ती माझी. साहेब हसताहेत, म्हणजे यंदाचं आपटून झालेलं दिसतं. मला भाषणाची सवय नाही. एकटा काम करताना मात्र मी बरंच बोलतो म्हणे. असं वहिनी म्हणतात, आणि मधल्या लाकडी भिंतीपलीकडून एकोणीस वर्षं त्या ऐकत आल्या आहेत, तेव्हा खरंच असणार.

आता, आपल्या सत्कारमूर्तींना इथं सगळेच वहिनी म्हणतात. डॉक्टर म्हणतात, सात वर्षांची मुलगी घोड्यावर बसायला येते ती म्हणते, साहेबांच्या मातोश्रीसुद्धा म्हणायच्या. पण मी नम्रपणे नमूद करू इच्छितो की या हाकेवर खरा हक्क माझा एकट्याचा आहे. त्या माझ्या थोरल्या भावाच्या पत्नी. भाऊ इथला मोतद्दार. घोड्यांचं खाणंपिणं, खरारा, नालांची निगा, सगळं त्याच्याकडे. एकोणीस वर्षांपूर्वी एका सकाळी त्याच्या छातीत कळ आली आणि तो गेला. मुलगी सात वर्षांची. पंधराव्या दिवशी वहिनींनी बाह्या वर सारल्या, त्याचा खरारा हातात घेतला आणि पहिल्या ठाणात जाऊन उभ्या राहिल्या. तेव्हाच्या अध्यक्षांनी विचारलं, "बाई, तुम्हाला जमेल का?" वहिनी म्हणाल्या, "ते घोड्यांना विचारा." घोड्यांनी काही हरकत घेतली नाही, आणि विषय तिथंच संपला.

मी लग्न केलं नाही. का, ते विचारू नका, कामाच्या नादात राहून गेलं बहुतेक. त्यामुळे बत्तीस वर्षं मी वहिनींच्या हातचं जेवतो आहे आणि बत्तीस वर्षं एकच वाक्य ऐकतो आहे, "भाऊजी, हात धुतलेत का? चामड्याच्या तेलाचा वास येतोय." धुतलेले असले तरी मी पुन्हा धुतो. वाद कशाला घाला?

मघाशी साहेबांनी मानपत्र वाचून दाखवलं. फार सुंदर मजकूर आहे. त्यात एक वाक्य असं आहे की, "घोड्यांना दिवसभर सावकाश चारा खाता यावा यासाठी खेळाच्या जुन्या जाळ्यांपासून गवताच्या जाळ्या तयार करण्याचं कार्य या दीर-भावजयींनी एकदिलानं पार पाडलं." त्यावर तुम्ही टाळ्या वाजवल्यात. मीही वाजवल्या, हात रिकामे होते म्हणून. पण ते वाक्य बरोबर नाही. दोष साहेबांचा नाही, त्यांना जे दिसलं ते त्यांनी लिहिलं. मला पाच मिनिटं दिलेली आहेत, त्यात ते दुरुस्त करायचं आहे. आठ होतील कदाचित. सांभाळून घ्या.

सुरुवात आत्याबाईपासून करायला हवी. पालकांपैकी जे नवीन आहेत त्यांच्यासाठी सांगतो, आत्याबाई ही आमची सगळ्यात वयस्कर घोडी. राखाडी रंगाची, पोटाला मोठी, आणि लग्नघरात आलेल्या आत्यासारखी सगळ्यांवर नजर ठेवून असणारी. कुणी शेजारच्या ठाणात जरा जास्त गवत टाकलं की इकडून फळीवर लाथ बसलीच. तिचा एक दोष होता. खायला बसली की हावरटासारखी खायची. गवताचा भारा पुढे टाकला की अर्ध्या तासात फस्त, आणि मग आठ-आठ तास रिकाम्या पोटानं उभी. घोड्याचं पोट तसं बनलेलं नाही. त्याला दिवसभर थोडं थोडं हवं असतं. दोनदा तिला पोटशूळ झाला. दुसऱ्या वेळेला डॉक्टरांनी हात पुसत स्वच्छ सांगितलं, "वहिनी, तिसऱ्यांदा झालं तर मला बोलावू नका. या वयात मी काही करू शकणार नाही."

त्या दिवसापासून वहिनींनी काय करावं? बादली पालथी घातली, तिच्यावर बसल्या आणि आत्याबाईला मूठ-मूठ गवत भरवायला लागल्या. सकाळी उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत. बाकीच्या दहा जणांचं करायचं, परत यायचं, बादलीवर बसायचं. असे आठ महिने, मंडळी. गुडघे गेले त्यांचे. उठताना भिंतीला हात लावून "आई गं" म्हणायच्या, तो आवाज मला पलीकडे ऐकू यायचा.

पण खरं सांगू? मला ते आठ महिने आवडले. स्वार्थी माणूस मी. त्या दुपारी कशा असायच्या, तुम्हाला कसं सांगू! वरच्या झरोक्यातून उन्हाचा एक पट्टा यायचा आणि त्यात गवताची धूळ तरंगत राहायची, खाली बसायचं नावच घ्यायची नाही. अकरा तोंडं चघळताहेत, एकाच लयीत नाही, तरी ऐकत राहिलं की कुठंतरी सगळ्यांचा मेळ जमायचा. मी इकडे तंग शिवतोय, वहिनी तिकडे मूठ पुढे करताहेत, आणि आमचं फळीतून बोलणं चाललेलं. बोलणं तरी काय? "भाऊजी, झोपलात का?" "नाही." "मग सुईचा आवाज का थांबला?" कधी कधी मला कळायचंच नाही की मी जागा आहे की झोपेत. वाटायचं, भाऊ आत्ता आरसा खिडकीला टेकवून दाढी करत असेल. वाटायचं, हे असंच चालणार आहे, याला शेवटच नाही. कुणी थांबवावं तरी कशाला?

साहेब घड्याळाकडे बघताहेत. येतो मुद्द्यावर.

वहिनींची मुलगी, म्हणजे माझी पुतणी, लग्न होऊन फार लांब गेली आहे. रेल्वेनं दोन दिवस लागतात. वसंताच्या सुरुवातीला तिचा फोन आला की तिला दिवस गेले आहेत आणि आईनं यावं. थोड्या दिवसांसाठी नाही, कायमचं यावं. वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या म्हणाल्या, "अगं, मी कशी येऊ? आत्याबाईला कोण भरवणार?" मी शेजारी उभा होतो. मला हायसं वाटलं. एका म्हाताऱ्या घोडीच्या पोटानं माझं घर शाबूत ठेवलं होतं.

आणि त्याच महिन्यात हे पहिल्या रांगेतले राखणदारसाहेब माझ्याकडे फुटबॉलच्या गोलाचं फाटलेलं जाळं घेऊन आले. "जरा टाके घाला." मी म्हटलं, ठेवा. तबेल्यात गवताचे भारे रचलेले असतात, त्यावरच ते टाकून मी विसरून गेलो. संध्याकाळी आत्याबाईला पाण्यावरून परत आणताना ती तिथं थांबली. जाळ्याच्या भोकांतून ओठ घालून एकेक काडी ओढायला लागली. एक काडी, मग चघळणं. परत एक काडी. वहिनी लगाम धरून कितीतरी वेळ नुसत्या बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, जणू कुणाची झोपमोड होईल, "भाऊजी, इकडे या. हिला कुणीतरी भरवतंय बघा."

मी म्हटलं, "छे! उगाच काहीतरी."

हे माझं या कार्यातलं पहिलं योगदान.

पुढचे दोन महिने वहिनींनी त्या मैदानाच्या अडगळीच्या खोलीतलं एकेक जाळं बाहेर काढायला लावलं. गोलाच्या जाळ्याची पिशवी शिवली, तर भोक एवढं मोठं की आत्याबाईनं मुसकट आत घातलं आणि तोबरा भरून बाहेर काढलं. पाऊण तासात पिशवी रिकामी. मग बॅडमिंटनचं जाळं आणलं. ते इतकं बारीक की काडीच निघेना. आत्याबाईनं दहा मिनिटं प्रयत्न केला आणि मग आमच्याकडे पाठ करून उभी राहिली, ती संध्याकाळपर्यंत. वहिनी तिची समजूत घालत होत्या, मी आत तोंडात रुमाल कोंबून हसत होतो. शेवटी क्रिकेटच्या सरावाच्या पिंजऱ्याचं जुनं जाळं मिळालं, मऊ विणलेलं. त्यात दोन बोटं जायची, तिसरं अडायचं. वहिनी म्हणाल्या, "हेच."

ज्यांच्या घरी घोडं असेल त्यांनी ऐकून ठेवा, कारण हे वहिनींनी एकेक चूक करून शोधलेलं आहे. जाळ्याचा लांब तुकडा दुमडायचा. दोन्ही कडा नायलॉनच्या दोरीनं भोका-भोकातून ओवून बंद करायच्या आणि टोकाला गाठ. तोंडाशी दुसरी दोरी ओवायची, ओढली की पिशवी मिटते. दोरीचं टोक मेणबत्तीवर भाजून ओल्या चिंधीनं दाबायचं, नाहीतर ते हिरडीला टोचतं. छातीच्या उंचीला बांधायची, रिकामी होऊन लोंबली तरी खुरापर्यंत येता कामा नये. आणि भिंतीतल्या कडीला थेट कधीही नाही! मध्ये कच्च्या सुतळीचा एक वेढा. चुकून नाल अडकलाच तर सुतळी तुटेल, पाय वाचेल. या सगळ्यात माझा हात एवढाच की मेणबत्ती माझी होती.

गाठ मात्र वहिनींची. ती गाठ भावानं त्यांना शिकवली होती, लग्नाच्या पहिल्या वर्षी. मला ती अजून नीट येत नाही. नायलॉनची दोरी निसरडी असते, भल्याभल्यांच्या गाठी तिच्यावर टिकत नाहीत. वहिनींची टिकते. निदान, टिकत होती असं म्हणावं लागावं, अशी वेळ आली.

पहिली पिशवी लावली त्या दिवशी आत्याबाई सकाळच्या चहापासून तीन वाजेपर्यंत खात होती. शांतपणे, डोळे अर्धे मिटून. वहिनी बादलीवर बसल्या होत्या, सवयीनं. मग उठल्या. माझ्या दारात येऊन उभ्या राहिल्या. हात मोकळे सोडलेले, काही धरायला नाही, असे हात मी त्यांचे कधी पाहिले नव्हते. चेहरा एखाद्या मुलीसारखा झाला होता. म्हणाल्या, "भाऊजी, आता मला जाता येईल."

मी म्हटलं, "वा! छान झालं." आणि हातातला तंग उलटा शिवला. सगळा उसवावा लागला.

आता जे सांगणार आहे ते साहेबांना ठाऊक नाही, डॉक्टरांना ठाऊक नाही, आणि वहिनी, तुम्हालाही ठाऊक नाही. राखणदारसाहेब, तुम्ही खोकू नका, मला धीर गोळा करायचा आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनी जेवून आडव्या झाल्या. तबेला नेहमीसारखा पेंगुळलेला. मी चामडं कापायची रापी घेतली आणि आत गेलो. काय करायला निघालो आहे हे मला माहीत होतं, तरी स्वप्नात चालावं तसं वाटत होतं, पाय कुणीतरी दुसरंच उचलतंय. आत्याबाईनं माझ्याकडे बघितलं, मान हलवली आणि खात राहिली. माझ्यावर विश्वास तिचा. मी पिशवीच्या कडेची गाठ दोन बोटांत धरली आणि गाठीच्या जरा खाली दोरी कापली. गाठ खिशात टाकली. उरलेलं टोक मेणबत्तीवर भाजून पहिल्यासारखं गुळगुळीत केलं. पिशवीला दोन हिसके बसले की दोरी भोकांतून सरसर निघून येणार आणि सगळं गवत खाली. बघणाऱ्याला वाटावं, गाठ सुटली.

तसंच झालं. वहिनी उठून येईपर्यंत आत्याबाईनं निम्मं गवत संपवलं होतं. "अगंबाई, सुटली कशी?" म्हणत त्यांनी पुन्हा ओवली, पुन्हा गाठ मारली. दोन दिवसांनी मी पुन्हा कापली. या वेळी त्या पिशवी घेऊन माझ्याकडे आल्या. चष्मा डोक्यावर, दोरी दोन्ही हातांत. म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही बघा बरं. तुम्हाला दोरीतलं कळतं. माझी गाठ का सुटतेय?"

मी दोरी उजेडात धरली. खूप वेळ बघितल्यासारखं केलं. आणि म्हटलं, "ढिली पडत असेल, वहिनी. वय होतं माणसाचं."

एवढंच बोललो. कापणं एकवेळ विसरता येईल मला. हे वाक्य विसरता येत नाही.

त्या आपल्या बोटांकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "असेल बाई."

तिसऱ्या वेळी वहिनी प्रवासाची बॅग घ्यायला बाजारात गेल्या होत्या. त्या दिवशी पिशवी दुप्पट भरलेली, कारण त्या उशिरा येणार होत्या. मी कापली, आणि खोलीत येऊन बाकावर डोकं टेकलं. वाटलं होतं, पाच मिनिटांनी जाऊन थोडं गवत बाजूला करीन. डोळा लागला. फार सुंदर स्वप्न पडलं हो. जेवणाच्या टेबलाभोवती सगळे होते. भाऊ होता, पुतणी लहान होती, वहिनी वाढत होत्या, आणि खिडकीबाहेर आत्याबाई तरुण होती. कुणीच कुठं जाणार नव्हतं. मी स्वप्नातसुद्धा हात धुऊन बसलो होतो.

जाग आली ती फळीवरच्या लाथांनी.

आत्याबाई घामानं ओली. मान वळवून पोटाकडे बघत होती, पुढच्या पायानं जमीन उकरत होती, मध्येच बसायला बघत होती. एक काडी शिल्लक नव्हती. वहिनी दारातून आत आल्या, हातात नवी बॅग, ती जिथल्या तिथं टाकली. डॉक्टरांना बोलावलं. येणार नाही म्हणाले होते, तरी आले, आणि त्याबद्दल मी त्यांचे आज जाहीर आभार मानतो. मग वहिनींनी तिला रिंगणात चालवायला सुरुवात केली. ते गुडघे घेऊन. मी म्हटलं, द्या मी फिरवतो, तर म्हणाल्या, "नको भाऊजी. माझ्या हातानं झालंय, मीच निस्तरते."

मी तेव्हा बोलायला हवं होतं. तोंड उघडलं होतं मी, शप्पथ. मग बादली उचलली आणि पाणी आणायला गेलो.

ऊन कलेपर्यंत त्या चालत होत्या. डॉक्टर दर थोड्या वेळानं आत्याबाईच्या कुशीला कान लावायचे आणि मान हलवायचे. काही ऐकू येत नव्हतं. आतमध्ये सगळं गप्प. आणि मग एकदा त्यांनी कान लावला आणि तसाच ठेवला. बोट वर केलं. आम्ही सगळे श्वास रोखून उभे. "गुडगुडलं," डॉक्टर म्हणाले. पाऊण तासानं आत्याबाईनं लीद टाकली. तेव्हा आम्ही ज्या टाळ्या वाजवल्या, तशा टाळ्या मानपत्रालाही पडल्या नाहीत, साहेब, राग मानू नका.

त्यानंतरच्या पंधरवड्यात मी चौदा पिशव्या शिवल्या. अकरा जनावरांच्या आणि तीन वरच्या. दुहेरी दोरी, दुहेरी शिलाई. सगळ्यांना वाटलं दीर भावजयीला मदत करतोय. मानपत्रातला एकदिलाचा उल्लेख त्यावरूनच आला असावा. मी मनात म्हणत होतो, आता त्या जाऊ देत. सुखानं जाऊ देत. मी गप्प राहिलो तर कुणाचं काय बिघडतंय? आणि मी गप्प राहणारही होतो, वहिनी. आजही इथं उभं राहून मी घोड्यांच्या चार गमती सांगून खाली बसणार होतो. भाषण लिहूनही काढलं होतं, ते या खिशात आहे.

पण परवा सकाळी मी भिंतीअलीकडे होतो आणि तुम्ही पलीकडे मुलीशी फोनवर बोलत होतात. तुम्ही म्हणालात, "बाळाला न्हाऊ घालायला एखादी बाई ठेव गं. मी जवळ बसेन, गाणी म्हणेन, पण ओलं बाळ माझ्या हातात देऊ नकोस. हातांचा भरवसा राहिला नाही माझ्या. माझीच गाठ तीनदा सुटली आणि मुकं जनावर मरता मरता वाचलं." पलीकडून ती काहीतरी म्हणाली असेल, कारण तुम्ही म्हणालात, "नाही गं, मला माहीतंय ना."

तुम्हाला काही माहीत नाही, वहिनी. तुम्हाला मी चुकीचं सांगितलं आहे. ज्या हातांनी आठ महिने एका घोडीला मूठ-मूठ भरवलं, माझी पुतणी वाढवली, मला बत्तीस वर्षं जेवायला घातलं, त्या हातांवर मी बट्टा लावला, कारण मला एकट्यानं जेवायची भीती वाटत होती. त्यापेक्षा दुसरं मोठं कारण माझ्याकडे नाही. असतं तर बरं झालं असतं.

औपचारिक भाग राहिला आहे, तो पुरा करतो. संस्थेनं हा समारंभ ठेवला, राखणदारसाहेबांनी आपली सगळी जुनी जाळी देऊन टाकली, डॉक्टर न येण्याचं ठरवूनही आले, तुम्ही सर्वांनी इतका वेळ ऐकून घेतलंत, त्याबद्दल मनापासून आभारी आहे. बोलण्याच्या ओघात कुणाला काही लागलं असेल, कुणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, तर ते सभेनं पोटात घालावं. साहेब, मानपत्रातलं ते एक वाक्य मात्र खोडावं अशी विनंती आहे.

दुसरी माफी सभेकडे मागण्यासारखी नाही. वहिनी, हा रुमाल घ्या. उलगडा. तुमच्या तीन गाठी आहेत यात, जशा कापल्या तशा. मी काल त्यातली एक आरीनं उकलायला बसलो होतो. तासभर बसलो. आरीचं टोक मोडलं, गाठ हलली नाही.

तुम्हीच ओढून बघा ना. दोन्ही टोकं धरा. अहो, जोरात ओढा, मला काय बघता? बघा. सुटतेय का?

नाही ना? मग बाळाला तुम्हीच न्हाऊ घाला. मी बसतो खाली.